फाटकासमोरची मोकळी जागा

दिनेश बोरस्ते म्हणजे दुधानं तोंड पोळलेलं नसतानाही ताक फुंकून पिणारे गृहस्थ. त्यात त्यांचा फारसा दोष नाही. ओझरच्या विमान कारखान्यात उमेदीची सगळी वर्षं त्यांनी तपासणी खात्यात काढली होती. त्यांनी हिरवी चिठ्ठी लावली की भाग पुढं जायचा, लाल लावली की मागं. कोणी रदबदली करायला आलंच, तर मापाचं हत्यार पुढं करून म्हणायचे, "माझ्याशी नको, याच्याशी बोला." असा माणूस निवृत्त झाला म्हणजे चिठ्ठ्या संपतात, खोड संपत नाही. भाजीवाल्याच्या काट्यापासून जावयाच्या गाडीच्या टायरपर्यंत सगळं त्यांच्या नजरेखालून जायचं, आणि बहुतेक मागंच जायचं.

आता त्यांच्यापुढं घर आलं होतं. कंपनीचं क्वार्टर सोडायची मुदत जवळ आली होती आणि नवरा-बायकोला मरेपर्यंत राहायची जागा शोधायची होती. 'मरेपर्यंत' हा शब्द शैलाताईंचा. दिनेशराव 'कायमची' म्हणायचे.

शैलाताई त्यांच्या पत्नी, वणीकडच्या शेतकरी घरातल्या. त्यांच्या डोळ्यांचा पडदा कडेकडेनं निकामी होत चालला होता. अंधारात दिसणं कधीच बंद झालं होतं. आता भर दिवसासुद्धा नळीतून बघावं तेवढंच समोरचं दिसायचं, बाजूचं काही नाही. अर्धवट उघडं दार कपाळावर आपटायचं, पायात आलेलं कुत्रं केकाटल्यावर कळायचं. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं की, हे थांबणार नाही, यावर औषध नाही, उरलंय तेही हळूहळू जाईल. कधी जाईल, ते त्यांनाही सांगता येईना. त्या दिवशी शैलाताई घरी येऊन पोटभर रडल्या, मग उठून त्यांनी भाकरी थापल्या, आणि नवऱ्याला वाढता वाढता म्हणाल्या, "दिसतंय तोवर एक जागा पाठ करून ठेवते. मग नाही दिसलं तरी माझी मी फिरेन."

एवढंच त्यांना हवं होतं. भाजी, देऊळ, पिठाची गिरणी, दवाखाना सगळं पायी जाण्याजोगं असावं आणि तिथवर जायला कोणाच्या हाताची गरज पडू नये.

दिनेशरावांनी मात्र मनातल्या मनात घर ठरवून टाकलं होतं. पाथर्डी फाट्याच्या पलीकडं मोठं संकुल होतं. रुंद रस्ते, फाटकावर पहारेकरी, चालायला सपाट वाट, खड्डा म्हणून नाही. बायकोला ते तिथं घेऊन गेले. शैलाताई बागेला एक फेरी मारून आल्या आणि बाकावर बसल्या.

"सगळ्या इमारती एकसारख्या, सगळी वळणं एकसारखी," त्या म्हणाल्या. "इथं कसला आवाज नाही, कसला वास नाही. डोळे मिटले की मी कुठं उभी आहे, हे मला कळणार कसं?"

"मी सांगेन ना. मी आहे की."

शैलाताई त्यावर काही बोलल्या नाहीत. बायको गप्प बसली म्हणजे तिला पटलं, असं समजणाऱ्या पुरुषांची आपल्याकडं कमी नाही, आणि दिनेशराव त्या मंडळींतले पट्टीचे सभासद होते.

पण शैलाताईंच्या मनात दुसरीच जागा होती. जुन्या नाशकात, रविवार कारंज्याकडून नदीकडं उतरणाऱ्या गल्ल्यांपैकी एका गल्लीत, नवी सात मजली इमारत बांधून होत आली होती. लिफ्ट होती, खिडक्यांना मोठ्या काचा होत्या आणि बाकी चहूबाजूंनी जुनी वस्ती. दोघं एकदा जाऊन पाहून आले आणि दिनेशरावांनी नाक मुरडलं. तरी नाही म्हणण्याआधी तपासणी करायची, हा त्यांचा धर्म होता. मनात लाल चिठ्ठी तयार ठेवूनच ते कामाला लागले.

त्यांचं एक तत्त्व होतं: विचारायचं नाही, मोजायचं. माणसं सांगतात ते त्यांच्या सोयीचं असतं, टेप सांगते ते खरं असतं. तेव्हा ते सकाळी आले, शाळा सुटायच्या वेळी आले, बुधवारच्या बाजाराच्या गर्दीत आले. गल्लीची रुंदी मोजली. पूररेषेचा नकाशा काढून आणला आणि उतार बघत नदीपर्यंत जाऊन आले. गोदावरीला पूर आला की पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर चढलं यावरून अख्खं नाशिक अंदाज बांधतं. बोरस्ते साहेबांनी मारुतीकडं पाठ करून नकाशाच पाहिला. ते टेप धरून ओणवे झाले की गल्लीत धावपळ उडायची. पुढच्या वर्षीच्या कुंभमेळ्यासाठी रस्ता रुंद करायला महापालिकेचा माणूस आलाय, असा बोभाटा झाला आणि दोघा दुकानदारांनी ओट्यावरचा माल मुकाट्यानं आत घेतला. एकानं चहा पाजला. दिनेशरावांना वाटलं, माणसं अगत्यशील दिसतात.

गल्ली त्यांच्या मापात बसत नव्हती. दोन रिक्षा समोरासमोर आल्या की एकीला मागं जावं लागायचं. वायरी लोंबत होत्या, गटाराची झाकणं वरखाली होती. लाल चिठ्ठी निघणारच होती, पण एका गोष्टीनं त्यांचा हात थांबला. मुंगीला शिरायला वाव नाही अशा त्या गल्लीत, इमारतीच्या फाटकाच्या नेमकं समोर, चांगली ऐसपैस चौकोनी जागा मोकळी होती. तिथं कोणी स्कूटर लावत नव्हतं, हातगाडी उभी करत नव्हतं. एकदा एका कुरिअरवाल्यानं गाडी लावली, तर समोरच्या भांड्यांच्या दुकानातून मालक ओरडत बाहेर आले आणि त्याला हाकलून मगच आत गेले.

दिनेशराव खूश झाले. इथं रिक्षा वळेल. वेळ पडली तर रुग्णवाहिका उभी राहील. बायकोला अगदी दारात उतरवता येईल, गल्लीत पाऊलही टाकायला नको. विक्री कार्यालयातला रविराज हा धुळ्याकडून नुकताच आलेला पोरगा. तोही म्हणाला, "सर, तो तर आपला प्लस पॉइंट आहे."

घरी येऊन ते बायकोला म्हणाले, "लोकांना शिस्त आहे हं तिथं. एवढी जागा, पण एक माणूस गाडी लावत नाही."

शैलाताई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. "हो, शिस्त आहे खरी," त्या म्हणाल्या आणि त्यांनी पाठ फिरवून टॉवेल झटकला.

अशा रीतीनं ज्या जागेवर बायको एकटी चालणार, ती जागा नवऱ्यानं तिला चालावं लागू नये म्हणून पसंत केली. संसार असाच चालतो म्हणा.

पक्कं करायला दोघं निघाले, तो रंगपंचमीचा आदला दिवस होता. दुसऱ्या दिवशी जुन्या नाशकात पाय ठेवायची सोय नसते, म्हणून आजच जाऊ, असं दिनेशरावांनीच ठरवलं होतं. रविवार कारंज्यापाशी स्कूटर लावली, बायकोचा दंड नेहमीसारखा घट्ट धरला आणि गल्लीत शिरले. इमारत दिसायच्या आधीच त्यांना मातीचे ढीग दिसले.

"आलं कुंभमेळ्याचं खोदकाम," ते करवादले. "इथंही सोडलं नाही."

पण ते महापालिकेचं खोदकाम नव्हतं. भिंतीला टेकून जाड फळ्या रचल्या होत्या, ओल्या आणि काळ्या पडलेल्या. आणि त्यांची ती लाडकी मोकळी जागा जिथं होती, तिथं आता चौकोनी दगडी खड्डा होता. घडीव दगडाच्या भिंती सरळ खाली गेलेल्या, दोन पुरुष एकावर एक उभे राहतील एवढा खोल. तळाशी गल्लीतली माणसं गुडघाभर चिखलात उभी राहून बादल्या भरून वर देत होती.

रहाड होती ती. जुन्या नाशकात अशा काही रहाडी आहेत, पेशव्यांच्या काळापासूनचे हौद. वर्षभर त्यांच्यावर फळ्या टाकून माती पसरलेली असते, वरून रस्ता जातो आणि खाली काही आहे असं वाटत नाही. रंगपंचमीला त्या उघडतात, पूजा होते, रंगाचं पाणी भरतात आणि माणसं त्यात धपाधप उड्या मारतात. मग पुन्हा फळ्या, पुन्हा माती. दिनेशरावांनी दर वर्षी पेपरात फोटो पाहिले होते. पण फोटोत रंगलेली माणसं दिसतात, उरलेलं वर्षभर हौद कुठं जातो ते दिसत नाही. गल्लीतल्या कोणी त्यांना सांगितलं नाही, कारण रहाड कुठं आहे हे ठाऊक नसलेला माणूस इथं घर घ्यायला येईल, असं कोणाच्या मनातच आलं नव्हतं. आणि यांनी तर विचारायचं नाही, असं व्रतच घेतलेलं. लांबी-रुंदी अचूक घेतली, खोली तेवढी राहून गेली.

जिला पायातलं कुत्रं दिसत नाही, तिच्या दारात हा खड्डा. बायकोला जवळजवळ ओढतच ते भिंतीच्या कडेनं विक्री कार्यालयात घेऊन गेले, खुर्चीवर बसवलं आणि म्हणाले, "इथून हलू नकोस." मग रविराजवर तुटून पडले.

"हे काय आहे?"

"सर, मलापण आजच कळलं. पण वर्षातून फक्त दोन-तीन दिवस—"

"दोन-तीन दिवस? पडायला किती दिवस लागतात? माझ्या मिसेसना दिसत नाही, हे तुम्हाला पहिल्या दिवशी सांगितलंय. प्लस पॉइंट म्हणे! हा प्लस पॉइंट आहे?"

रविराज बिचारा टाय सैल करत उभा राहिला. कठडा लावून घेऊ म्हणाला, वरिष्ठांशी बोलतो म्हणाला. दिनेशरावांच्या कानांत काही शिरत नव्हतं. कारखान्यातसुद्धा त्यांचा आवाज इतका कधी चढला नव्हता. सगळं बोलून झाल्यावर ते वळले, "चल गं," म्हणाले, आणि खुर्ची रिकामी होती.

ते दाराकडं धावले. गल्लीत माणसंच माणसं. बादल्या, ताशा वाजवून बघणारी पोरं, रंगाच्या गोण्या उतरवणारा टेम्पो. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण चारचौघांत त्यांनी बायकोला 'अगं' सोडून कधी हाक मारली नव्हती. आता त्यांनी भर गल्लीत बोंब ठोकली, "शैला! शैला!"

रहाडीच्या काठाशी जाऊन त्यांनी आधी खाली पाहिलं. खाली चिखल होता आणि वर बघणारी माणसं होती. मग त्यांना ती दिसली. पलीकडच्या अंगाला, भांड्यांच्या दुकानापाशी. काठ आणि दुकानांचे ओटे यांच्यामध्ये एक माणूस जाईल एवढीच वाट उरली होती आणि त्या वाटेनं शैलाताई येत होत्या. उजवा हात भिंतीवर, डाव्या पायानं दगडाची कड चाचपत, मान ताठ.

दिनेशराव पुन्हा ओरडणार, तेवढ्यात कोणी तरी त्यांचा खांदा दाबला. कुरिअरवाल्याला हाकलणारे ते भांड्यांच्या दुकानाचे मालक, गोरक्षशेठ.

"ओरडू नका साहेब. दचकतील. येतायत त्या."

"अहो, धरा कोणी तरी तिला!"

"मघाशी धरायला गेलो, तर म्हणाल्या हात काढा."

दिनेशराव उभे राहिले. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. खालून एक जण ओरडला, "मावशी, पुढं बादली हाय!" शैलाताई थांबल्या, पायानं बादली शोधली, तिला वळसा घातला. "माहितेय रे," त्या म्हणाल्या, जरी ती त्यांना माहीत नव्हती. कोपऱ्यावर भिंत संपली. तिथं त्यांनी हात हवेत धरला, क्षणभर कान दिला आणि पलीकडच्या गल्लीत तांब्याच्या पत्र्यावर हातोडी पडत होती त्या आवाजाकडं पाठ करून बरोबर फाटकाच्या दिशेनं वळल्या. नवऱ्याच्या पुढ्यात येऊन थांबल्या. त्यांच्या हातात शेवंतीची पुडी होती.

"देवळापर्यंत जाऊन आले," त्या म्हणाल्या. "रहाड उघडी असताना जमतंय का बघायचं होतं."

दिनेशराव एकदम म्हणाले, "उघडी असताना? म्हणजे रहाड आहे हे तुला माहीत होतं?"

"पहिल्यांदा आले तेव्हाच कळलं. मी विचारलं, एवढी जागा मोकळी का. गोरक्षशेठनी सांगितलं."

"आपण आलो तेव्हा तर तू कोणाशी बोलली नाहीस."

"आपण नाही. मी आले होते." शैलाताईंनी पुडी दुसऱ्या हातात घेतली. "मंगळवारी भजनाला जाते म्हणत होते ना, ते भजन नव्हतं. ओझरहून बसनं निमाणीला उतरायचं आणि पूल ओलांडून चालत यायचं. आता सवय झालीय."

पूल! त्या पुलावरच्या बसगाड्या, रिक्षा, मधूनच घुसणाऱ्या मोटारसायकली दिनेशरावांच्या डोळ्यांपुढून सरकल्या. दर मंगळवारी ही बाई तिथून एकटी चालत होती आणि ते क्वार्टरमध्ये बसून टीव्ही पाहत होते.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही बरोबर आला असता," शैलाताई म्हणाल्या. "आणि रहाडीचं सांगितलं असतं तर लाल चिठ्ठी लावली असती."

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, त्यामुळं भांडायला जागा उरली नाही. गोरक्षशेठ शहाणे. ते हळूच दुकानात सटकले आणि तांब्याचा हंडा विनाकारण पुसत बसले.

दिनेशरावांना राग आला होता. भीती तर अजून गेलीच नव्हती. पण या दोहोंच्या तळाशी आणखी काही तरी ठसठसत होतं आणि ते त्यांनाच लाजिरवाणं वाटलं. बायको खड्ड्याच्या काठानं एकटी जाऊन सुखरूप परत आली, तर माणसाला आनंद व्हायला हवा. त्यांना तो झाला नव्हता. ती कोपऱ्यावर बरोबर वळली, तेव्हा त्यांच्या काळजात सुई टोचल्यासारखं झालं होतं. पाथर्डी फाट्याचे रुंद रस्ते, पहारेकरी, सपाट वाट, त्या सगळ्यात त्यांना काय आवडलं होतं, ते आता त्यांच्या लक्षात आलं. तिथं तिला पावलोपावली त्यांची गरज लागली असती. कारखान्यानं त्यांना घरी पाठवलं होतं. आता हिनंही पाठवलं तर जायचं कुठं?

हे मनातच ठेवायचं होतं, पण ते तोंडातून निघून गेलं. "मग माझं काय काम उरलं?"

शैलाताईंनी चेहरा वळवला. आधी जरा डावीकडं, मग किंचित वर, नवऱ्याचा चेहरा सापडेपर्यंत. सापडल्यावर त्या तिथंच थांबल्या. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज नेहमीचाच होता.

"काम कसलं? सोबत राहा. आयुष्यभर राहिलात तसं." मग म्हणाल्या, "अहो, घ्यायचं तर हे घर मला दिसतंय तोवर घ्या. भिंती कुठं आहेत, खिडकीतून काय दिसतं, ते बघून ठेवते. नंतर घेतलंत तर ते तुमचं घर होईल. मी तिथं पाहुणी म्हणून राहीन. रोज तुम्हाला विचारून पाणी प्यायचं, रोज विचारून बाहेर जायचं. मला नाही तसं जगता येणार."

खाली माणसांनी शेवटच्या बादल्या वर दिल्या. कोणी तरी रहाडीच्या भिंतीवर पाणी मारलं आणि ओल्या दगडाचा वास गल्लीभर पसरला.

रविराज दारातून डोकावला. "सर, मग... कॅन्सल करायचं?"

"कॅन्सल कशाला?" दिनेशराव खेकसले. "ताबा कधी देता ते सांगा. लवकर पाहिजे. आम्हाला घाई आहे."

रविराज कागद आणायला आत पळाला. शैलाताईंनी पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, "त्याचं होईपर्यंत चला, देऊळ दाखवते तुम्हाला. आत कधी गेला नसाल."

"नाही गेलो."

"मग चला की."

दिनेशरावांचा हात सवयीनं तिच्या दंडाकडं गेला. अर्ध्या वाटेवर त्यांनी तो मागं घेतला. शैलाताई भिंतीला हात लावून काठाच्या वाटेनं निघाल्यासुद्धा होत्या. दिनेशरावांनी दोन्ही हात पाठीमागं घट्ट बांधले आणि ती जिथं पाऊल ठेवेल तिथं पाऊल ठेवत तिच्या मागून चालू लागले.